गेम लोड होताना 'आउट ऑफ मेमरी' येऊन बंद पडतो. रॅम गेली, ग्राफिक कार्ड गेलं की आणखी काही? (सांगली)

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री १:२०

नमस्कार मंडळी. मी कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. दोन वर्षं ओव्हरटाईमचे पैसे बाजूला टाकून पीसी जोडून घेतला. रायझन ५ ५६००, १६ जीबी डीडीआर४ (८-८ च्या दोन स्टिक, ३२०० च्या), ८ जीबीचं ग्राफिक कार्ड, विंडोज २५६ जीबीच्या एसएसडीवर आणि गेम वेगळ्या १ टीबीच्या एसएसडीवर.

गेल्या महिन्यात एक मोठा गेम घेतला, अनरियल इंजिनवरचा (गेम बनवायचं एक सॉफ्टवेअर). मेनूपर्यंत सगळं झकास चालतं. 'कंटिन्यू' दाबलं की लोडिंगची पट्टी अर्ध्याच्या पुढे जाते आणि गेम बंद. कधी 'आउट ऑफ मेमरी' येतं, कधी फाईल डिकम्प्रेस झाली नाही अशा अर्थाचं काहीतरी येतं, तर कधी काहीच न सांगता थेट डेस्कटॉप. दहातल्या दोन-तीन वेळा लोड होतो, आणि एकदा आत गेलं की तासभर काही होत नाही.

गेम दोनदा काढून परत टाकला. ९० जीबी आहे, दोन्ही वेळा डाउनलोड रात्रभर चाललं. ग्राफिकचा ड्रायव्हर नवा टाकला. जिथून मशीन जोडलं तिथे दाखवलं, तर पाच मिनिटं बघून म्हणाले की ग्राफिक कार्ड गेलंय, नवं घ्या. कार्डाची किंमत म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार. घ्यायच्या आधी इथे विचारतोय.

हळदगल्ली | शुक्रवार, सकाळी ९:०५

भावा, कार्ड घेऊ नकोस एवढ्यात. आधी कॅबिनेट उघडून रॅम काढ, खोडरबराने पट्टी पूस आणि परत घट्ट बसव. मार्केट यार्डात आमच्या अडत दुकानाचा पीसी दर सहा महिन्यांनी असाच रुसतो. हळदीची पूड कुठं कुठं जाते ते आतून बघायला पाहिजे. पंख्याच्या पात्यांवर, हीटसिंकच्या फटींत, रॅमच्या स्लॉटच्या तळाशी, सगळीकडे पिवळा थर. पुसलं की चालू.

विश्रामबाग | शुक्रवार, सकाळी १०:४०

हळदगल्लीदादा, तुमचा अनुभव खरा आहे, धुळीने संपर्क तुटतो. पण खोडरबर नको. त्या पट्टीवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, घासून तो निघतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा, तेवढं पुरतं. त्याआधी मेन स्विच बंद करून वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा.

रात्रपाळी, काही खोलायच्या आधी एक समजून घे, कारण तुझ्या लिहिण्यात मला दोन वेगळे आजार दिसतात. 'मेमरी संपली' या एका वाक्यामागे निदान तीन गोष्टी असू शकतात. एक, प्रत्यक्ष रॅम. दोन, ग्राफिक कार्डची स्वतःची मेमरी. आणि तिसरी जी कोणी बघत नाही, ती म्हणजे विंडोजने प्रोग्रामांना देऊ केलेल्या मेमरीची एकूण मर्यादा. रॅम आणि पेजफाईल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाईल) मिळून ती ठरते. ही मर्यादा भरली तर रॅम निम्मी रिकामी दिसत असतानाही विंडोज 'नाही' म्हणतं.

आज एवढंच कर. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि खाली 'कमिटेड' लिहिलंय तिथले दोन आकडे बघत राहा. गेम लोड करताना ते कुठपर्यंत जातात ते सांग. आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत २००४ क्रमांकाची नोंद दिसते का बघ. 'रिसोर्स एक्झॉशन' नावाने असते.

पोवईनाका | शुक्रवार, दुपारी १:१५

साताऱ्याहून. मलाही 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' येतं, पण माझा लॅपटॉप आहे, ग्राफिक ४ जीबीचं. हाच प्रॉब्लेम समजू का ताई?

विश्रामबाग | शुक्रवार, दुपारी २:३०

पोवईनाका, तुझं वेगळं असण्याची शक्यता जास्त. ४ जीबीच्या कार्डावर टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) 'हाय' ठेवलंस तर खरोखरच जागा संपते. आधी टेक्श्चर एकदम खाली आण, रिझोल्यूशन तेच राहू दे, आणि मग बघ. टेक्श्चर सोडून बाकीच्या सेटिंगचा व्हिडिओ मेमरीवर तुलनेने कमी भार असतो, त्यामुळे सगळंच खाली आणायची गरज नाही. मागे ब्राउझर उघडा असेल तर तोही बंद कर, तोही ग्राफिकची मेमरी धरून बसतो.

रात्रपाळी | शनिवार, रात्री १२:५०

ताई, बघितलं. गेम लोड होताना 'इन यूज'मध्ये ११ जीबीच्या आसपास होतं, म्हणजे रॅम रिकामी होती. पण 'कमिटेड' १५.६ / १५.९ दाखवत होतं आणि तिथेच गेम उडाला. २००४ च्या नोंदी एका महिन्यात सतरा.

आणि एक कबूल करतो. पीसी घेतला तेव्हा एका व्हिडिओत बघून पेजफाईल बंद केली होती. एसएसडी जास्त टिकते आणि गेमचा वेग वाढतो असं त्यात सांगितलं होतं.

विश्रामबाग | शनिवार, सकाळी ८:१०

हे झालं पहिल्या आजाराचं कारण. एसएसडी वाचवण्यासाठी पेजफाईल बंद करण्यात काही अर्थ नाही. रोजच्या वापरात तिथे फार लिहिलं जात नाही. पण ती नसली की विंडोजला उधारी देता येत नाही. गेम लोड होताना आधी भलीमोठी जागा मागून ठेवतो, त्यातली बरीचशी प्रत्यक्ष वापरतही नाही. पेजफाईल असेल तर विंडोज 'घे' म्हणतं. नसेल तर १५.९ वर हिशोब बंद.

रन उघडून 'एसवायएसडीएम डॉट सीपीएल' टाक (अर्थात इंग्रजीत), अ‍ॅडव्हान्स्डमध्ये परफॉर्मन्सची सेटिंग, त्यात परत अ‍ॅडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरी. सगळ्यात वरच्या 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वर टिक कर आणि मशीन रीस्टार्ट कर. सी ड्राईव्हवर किती जागा आहे? निदान तीसेक जीबी मोकळी पाहिजे, नाहीतर पेजफाईल वाढणार कुठे.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी ४:२५

सीवर ९ जीबी होती. डाउनलोड फोल्डर साफ केला, बहिणीच्या कॉलेजचे जुने व्हिडिओ तिला विचारून दुसरीकडे हलवले, आता ४१ जीबी मोकळी आहे. पेजफाईल चालू केली. 'कमिटेड'चा दुसरा आकडा आता २५ च्या पुढे गेलाय.

'आउट ऑफ मेमरी' आलं नाही! सलग तीनदा लोड झाला. चौथ्यांदा मात्र परत डिकम्प्रेसचा संदेश. पाचव्यांदा काही न सांगता बंद. रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये 'अ‍ॅक्सेस व्हायोलेशन'चा कोड आहे, सीने सुरू होतो आणि पाचवर संपतो.

जुनागडी | शनिवार, सायंकाळी ६:००

मध्येच बोलतो, पण जुने गेम खेळणाऱ्यांच्या कामी येईल. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे बरेच गेम ३२ बिटचे आहेत. त्यांना मशीनमध्ये ६४ जीबी रॅम असली तरी २ जीबीच्या वर पत्ताच देता येत नाही. मॉड (खेळणाऱ्यांनी केलेले फेरबदल) आणि मोठी टेक्श्चर टाकली की लोडिंगमध्ये बंद पडतात ते यामुळे. गेमच्या फाईलवर 'लार्ज अ‍ॅड्रेस अवेअर' ही खूण केली की ६४ बिट विंडोजवर ४ जीबी मिळते. मूळ फाईलची कॉपी ठेवून करा. रात्रपाळीच्या गेमला हे लागू नाही, तो ६४ बिटचाच आहे.

विश्रामबाग | शनिवार, रात्री ९:१५

जुनागडी, बरं झालं लिहिलंत.

रात्रपाळी, आता दुसरा आजार. मला एकच सांग, पट्टी दर वेळी त्याच जागी अडते की वेगवेगळ्या? एकाच जागी असेल तर त्या जागेची फाईल खराब. वेगवेगळ्या जागी असेल तर संशय मशीनवर.

आणि गेमच्या फाईली तपासायची सोय असते ना, 'व्हेरिफाय', ती लागोपाठ दोनदा चालव. मध्ये गेम उघडायचा नाही. दोन्ही वेळचा निकाल लिहून ठेव.

रात्रपाळी | रविवार, रात्री २:०५

जागा वेगवेगळी. एकदा चाळीस टक्क्यांवर, एकदा अगदी शेवटी.

व्हेरिफाय पहिल्यांदा : ३ फाईली खराब, परत उतरवल्या. लगेच दुसऱ्यांदा : २ फाईली खराब, आणि त्या पहिल्या तिघांतल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा उगीच चालवलं : एकही खराब नाही. हे कसं काय?

विश्रामबाग | रविवार, सकाळी ९:३०

हे वाचून माझी जवळपास खात्री झाली. डिस्कवरची फाईल दहा मिनिटांत खराब होऊन परत बरी होत नाही. फाईल नीटच आहे, ती वाचून ज्या कागदावर उतरवली जाते तो कागद खराब आहे. तो कागद म्हणजे रॅम.

लोडिंगलाच का, ते सांगते. गेमचा डेटा दाबून, घट्ट बांधून ठेवलेला असतो. लोड होताना प्रोसेसरचे सगळे कोर लागून तो उलगडतात. दाबलेल्या डेटात एक बिट चुकला की त्यापुढचं सगळं चुकत जातं, विणकामात एक टाका सुटला की पुढची ओळ उसवते तसं. उलगडणाऱ्या प्रोग्रामला हिशोब जुळत नाही आणि तो हात वर करतो. खेळताना तोच एक बिट एखाद्या भिंतीच्या चित्रात चुकला तर एक ठिपका वेगळ्या रंगाचा दिसेल, तुझ्या लक्षातही येणार नाही. शिवाय लोडिंगच्या वेळी रॅममध्ये एकदम पुष्कळ डेटा भरला जातो, म्हणून खराब जागेवर पाय पडण्याची शक्यताही तेव्हाच जास्त.

ग्राफिक कार्डावर लोक का घसरतात तेही लिहून ठेवते. २०२४ मध्ये हा प्रकार जगभर गाजला. अनरियल इंजिनवरचे गेम लोड होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणायचे, आणि कार्ड धडधाकट असायचं. दोष निघाला इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत, त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. इंटेलने त्याच वर्षी ऑगस्टपासून मदरबोर्डच्या बायोसमधून (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ते प्रोसेसर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आधी बायोस अपडेट करावा. तुझा रायझन आहे, त्यामुळे ते कारण बाद.

आता मेमटेस्ट, म्हणजे रॅमची तपासणी. मेमटेस्ट८६ प्लस फुकट आहे, पेन ड्राईव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करायचं. सुरू होत नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) तात्पुरतं बंद कर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घे, हे विसरू नकोस. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट आहे, पण तिच्यातून निसटलेल्या चुका मी पुष्कळ पाहिल्यात.

हळदगल्ली | रविवार, सकाळी ११:००

ताई, रॅम खराब असती तर मशीन सुरूच झालं नसतं ना? आमच्याकडे रॅम गेली की तीन बीप वाजतात.

विश्रामबाग | रविवार, सकाळी ११:२०

पूर्ण गेली तर बीप. अब्जावधी खणांतला एखादाच खण अधूनमधून चुकत असेल तर मशीन सुरू होतं, टॅली चालतं, व्हिडिओ चालतात. म्हणून तर सापडायला वेळ लागतो.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ७:४०

पाळीला जाताना रात्री टेस्ट लावून गेलो. सकाळी दार उघडलं तर अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर लालच लाल. २१४ चुका. प्रत्येक ओळीत दोन संख्या शेजारी, असायला हवी ती आणि मिळाली ती. निरखून बघितलं तर दोन्हीत फक्त एक अक्षर वेगळं, आणि बहुतेक ओळींत तेच एक अक्षर, त्याच जागी.

ताई, आता माझी काळजी गेमची नाही. धाकटी बहीण दिवसा याच मशीनवर डिप्लोमाचं प्रोजेक्ट करते. पंधरवड्यापूर्वी तिची झिप फाईल उघडली नव्हती आणि मी तिलाच बोललो होतो की पेन ड्राईव्ह नीट काढत नाहीस. आत्ता सेव्हन-झिपने तपासली, आत सीआरसीची (फाईल शाबूत आहे का ते पडताळणाऱ्या आकड्याची) चूक आहे.

विश्रामबाग | सोमवार, सकाळी ८:३०

हो, हे खरं नुकसान आहे. खराब रॅममधून गेलेली फाईल चुकीचीच डिस्कवर लिहिली जाते आणि कोणी ओरडत नाही. आजपासून त्या मशीनवर काहीही सेव्ह करू नका. बहिणीला सांग, ज्या प्रती मेलवर किंवा मैत्रिणीकडे आहेत त्या सांभाळून ठेव आणि या मशीनवरून त्यांच्यावर बॅकअप चढवू नकोस.

आता दोन प्रश्न राहिले. स्टिक खराब आहे, की एक्सएमपीचा (रॅम जादा वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) वेग तिला झेपत नाही? बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून परत टेस्ट लाव. ३२०० हा बऱ्याच स्टिकचा एक्सएमपीचा वेग असतो, १.३५ व्होल्टवर. बंद केलं की ती १.२ व्होल्टवर २१३३ किंवा २४०० वर येते. तिथे शून्य चुका आल्या तर वेगाचा प्रश्न. तिथेही आल्या तर एकेक स्टिक वेगळी लाव, त्याच स्लॉटमध्ये. मग स्लॉट बदल. स्टिकबरोबर चूक फिरली तर स्टिक खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर.

पोवईनाका | सोमवार, रात्री १०:१०

ताई, टेक्श्चर 'मीडियम' केलं. दोन दिवस एकदाही बंद पडला नाही. 'हाय'वर टाकलं की लगेच पडतो. म्हणजे माझं तेच होतं.

दादा, तुमच्या बहिणीचं प्रोजेक्ट मिळालं का?

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:००

मिळालं. तिने आठवड्यापूर्वीची प्रत मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती, ती नीट उघडते. तीन दिवसांचं काम परत करावं लागलं. तिची माफी मागितली.

टेस्टचं : एक्सएमपी बंद करून दोन्ही स्टिक, ३१ चुका. पहिली स्टिक एकटी, चार पास (टेस्टच्या पूर्ण फेऱ्या), शून्य. दुसरी एकटी त्याच स्लॉटमध्ये, पहिल्या पासलाच चुका. दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवली, परत चुका. पहिली तिथे लावली, शून्य. दुसरी स्टिक खराब, यात शंका राहिली नाही. एकेकट्या स्टिकच्या चारही निकालांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत.

विश्रामबाग | बुधवार, सकाळी ९:४५

असंच काम पाहिजे. फोटो फार उपयोगी पडतील. वॉरंटीसाठी बिल शोध, स्टिकवरचा अनुक्रमांकाचा स्टिकर फाडू नकोस, आणि दोन्ही स्टिक एका पाकिटातून आल्या असतील तर बहुधा दोन्ही मागतील. तोवर कोणाकडून तरी एखादी स्टिक उसनी मिळते का बघ. नाही मिळाली तर फक्त चांगलीच स्टिक ठेवून काम चालव आणि ती पाठवायची वेळ येईल तेव्हा पाठव. बाजारातून वेगळ्या कंपनीची एकच स्टिक आणून जोडी लावू नकोस, वेग आणि टायमिंग जुळले नाहीत तर हाच खेळ परत सुरू होईल.

हळदगल्ली | बुधवार, दुपारी १२:३०

भावा, ८ जीबीची डीडीआर४ माझ्याकडे जादाची पडून आहे, दुकानाचा जुना पीसी मोडीत काढला त्यातली. यार्डात ये, घेऊन जा. आधी टेस्ट करून घे.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:०५

दादा, उद्या पाळी सुटली की येतो.

रात्रपाळी | पंचवीस दिवसांनी, रविवार, सकाळी ११:१५

धागा वर आणतोय, कारण आधी असे धागे शोधत होतो तेव्हा बहुतेकांचा शेवट सापडत नव्हता.

स्टिक वॉरंटीत बदलून मिळाल्या. दुकानात आधी 'रॅम कशी खराब असेल, मशीन तर चालू आहे' असंच उत्तर मिळालं. चार फोटो क्रमाने दाखवले, तेव्हा पुढे पाठवायला तयार झाले. मधले दिवस हळदगल्लीदादांच्या स्टिकवर काढले. ती टेस्टला स्वच्छ निघाली, बहिणीचं प्रोजेक्ट तिच्यावरच पूर्ण होऊन जमा झालं.

नव्या दोन्ही स्टिक परवा लावल्या, सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बोर्डाच्या पुस्तकात दाखवलंय तसं. एक्सएमपी बंद ठेवून चार पास शून्य. मग एक्सएमपी चालू करून रात्रभर, तेही शून्य. त्यानंतर विंडोजच्या फाईली 'एसएफसी स्कॅननाऊ'ने तपासल्या, तिथे काही फाईली दुरुस्त झाल्या. गेम तिसऱ्यांदा पूर्ण उतरवला, कारण खराब रॅमवर उतरवलेल्या प्रतीवर माझा विश्वास राहिला नव्हता. व्हेरिफाय लागोपाठ तीनदा केलं, तिन्ही वेळा सगळं बरोबर.

काल रात्री बारा वेळा लोड केला. बाराही वेळा आत गेला. ग्राफिक कार्ड तेच आहे, पेजफाईल विंडोजच्या हवाली आहे.

हळदगल्लीदादा, तुमची स्टिक पिशवीत घालून ठेवलीय. गुरुवारी सुट्टी आहे, यार्डात येतो. तुमच्या दुकानाच्या पीसीचं कॅबिनेट उघडून अल्कोहोलने नीट साफ करून देतो, ब्रश आणि बाटली माझी मी आणतो.

हळदगल्ली | रविवार, दुपारी १२:४०

ये. सकाळी दहाच्या आत ये, सौदे सुरू झाले की मशीन बंद करता येत नाही.